बायकोची हॉली

मेबलचं पत्र आलं तेव्हा अर्नी वॅगस्टाफ न्याहारीच्या अंड्यावर चमचा आपटत होता. हेटीनं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं आणि ते अंडं तसंच थंड झालं. मेबल ही हेटीची धाकटी बहीण. ती स्केगनेसला समुद्रकाठी राहायची, आणि तिच्या शेजारची छोटी बंगली पुढच्या नव्या वर्षात रिकामी होणार होती.

"समुद्राची हवा, अर्नी. तुझ्या छातीला बरी."

"माझ्या छातीला काय धाड भरलीय?"

"मग सकाळी सकाळी घरघर करतं ते कोण? मांजर?"

"आणि बागेचं काय? एकतीस वर्षांची बाग पिशवीत घालून नेऊ?"

"तिथंही बाग आहे. मेबल म्हणते, चांगली सतरंजीएवढी आहे."

अर्नीनं थंड अंडं पुढे ढकललं.  मग हेटीच म्हणाली, "भांडायचं कशाला? नाताळला ठरेल."

नाताळला ठरेल म्हणजे हॉली ठरवेल. डर्बीशायरच्या डोंगरातल्या आमच्या गावात हॉलीची, म्हणजे हिवाळ्यातही हिरव्या राहणाऱ्या झाडाची, डहाळी नाताळच्या आदल्या दिवशी घरात आणतात, त्याच्या आधी नाही. पहिली आत आली ती काटेरी पानांची असेल तर वर्षभर नवऱ्याचा शब्द चालतो. गुळगुळीत पानांची असेल तर बायकोचा. यावर आमच्याकडे कुणी हसत नाही. कुणाच्या घरात काय आलं हे दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये नवऱ्यांच्या तोंडावरून कळतंच.

अर्नीच्या तोंडावरून ते एकतीस वर्षं कळत होतं. तो फक्त दोनदा जिंकला होता आणि त्यातल्या एका वर्षी हेटी तापानं अंथरुणात होती. दोष जागेचा होता. त्याची काटेरी हॉली फाटकाशी, घराहूनही जुनी, पंचवीस फूट उंच. दर हिवाळ्यात ती लाल फळांनी लगडायची, आणि चर्चची सगळी सजावट तिच्यावरच व्हायची. पण फाटकापासून स्वयंपाकघर चाळीस पावलं. हेटीनं लग्नात माहेराहून आणलेलं गुळगुळीत पानांचं झाड मात्र स्वयंपाकघराच्या दाराशीच होतं. अर्नी बुटाची नाडी बांधेपर्यंत हिची डहाळी आत.

वसंतात, ईस्टरच्या सणाला हेटी आठवडाभर मेबलकडे गेली आणि अर्नीनं फावडं काढलं.

झाड तोडायचा विचार त्याच्या मनाला शिवला नाही. हॉली तोडली की घरावर संकट येतं, एवढं त्यालाही कळत होतं. त्यानं फक्त झाड खणून काढलं, ढकलगाडीत घातलं आणि बागेच्या पार खालच्या टोकाला, शेजारच्या सायलस ग्रॅटनच्या कुंपणाशी नेऊन लावलं. तिथून दार साठ पावलं. अर्नीनं दोनदा मोजली.

हेटी परतली. दाराशी ताजी माती बघून ती हातातली बॅग न ठेवता उभी राहिली.

"मुळं कोळशाच्या खोलीखाली चालली होती," अर्नी म्हणाला. "भिंत गेली असती."

"हो का," हेटी म्हणाली आणि किटली चढवायला आत गेली. ती आणखी बोलली असती तर अर्नीला बरं वाटलं असतं.

मे महिन्यात त्या झाडानं पानं टाकायला सुरुवात केली आणि जूनमध्ये ते पार बोडकं झालं. आता अर्नीची गंमत अशी झाली, की जिंकायचं तर झाड असंच राहायला हवं होतं, आणि झोप लागायची तर ते जगायला हवं होतं. तो पहाटे उठून आंघोळीचं कालचं पाणी बादलीनं नेऊन त्याला घालायचा. चहाचा चोथा घालायचा. वारा लागू नये म्हणून त्यानं चार काठ्या रोवल्या आणि पोतं पुरेना म्हणून चर्चला जाताना घालायचा रेनकोट भोवती गुंडाळला.

"कोण पाहुणा आलाय?" कुंपणापलीकडून सायलस म्हणाला. "आत तरी घ्या त्याला."

रेनकोट कुठे गेला म्हणून हेटीनं विचारलं, तेव्हा अर्नी म्हणाला, धोब्याकडे. गावात धोबी नव्हता.

खरा घोळ नोव्हेंबरात कळला. फाटकाशी असलेल्या जुन्या झाडावर एक लाल फळ दिसेना. अर्नीनं सगळीकडून फेऱ्या मारल्या, चष्मा पुसून मारल्या. चर्चच्या बायका करंड्या घेऊन आल्या तेव्हा त्यानं ठोकून दिलं, की पाखरांनी खाल्ली.

"कुठली पाखरं?" हेटी त्याच्या मागून म्हणाली. "मी रोज खिडकीत असते. एकही जाडजूड पाखरू दिसलं नाही."

बायका रिकाम्या करंड्या घेऊन गेल्या. अर्नी मान खाली घालून सायलसकडे गेला. सायलसनं चाळीस वर्षं लोकांची कुंपणं छाटली होती आणि झाडांतलं त्याला माणसांपेक्षा जास्त कळायचं.

"अरे गाढवा, फळं मादीच्या झाडाला येतात, पण जवळ नराचं झाड फुलायला हवं ना!"

"मग माझी काटेरी म्हणजे तर नरच."

"पानांचा त्याच्याशी काय संबंध? फळं धरते ती तुझी काटेरी बाई आहे. आणि दाराशी बिनफळाचं उभं होतं तो तिचा घरधनी. त्यालाच ऐन फुलायच्या तोंडावर उपटून सासुरवाडीला पाठवलंस."

अर्नी सायलसच्या पायरीवरच बसला. एकतीस वर्षं आपल्या झाडाच्या फळांची फुशारकी मारली, आणि ती हेटीनं माहेराहून आणलेल्या रोपट्याची कृपा होती. त्याला मनापासून लाज वाटली. तरीही स्केगनेसची ती सतरंजी डोळ्यांपुढे आली, आणि त्यानं ठरवलं की या वर्षी जिंकायचंच. हेटीच्या झाडावर तर एक पानही नव्हतं. हरणार कसा?

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारचं जेवण आणि डुलकी झाली तसा तो कात्री घेऊन फाटकाशी गेला. घाई नव्हतीच. त्यानं सावकाश एक काटेरी डहाळी निवडली, बर्फ झटकला आणि शीळ घालत परत आला. स्वयंपाकघराच्या दारात हेटी उभी होती. पायात त्याचे गमबूट, डोक्याच्या रुमालाला काटक्या, नाकावर ओरखडा. तिच्या मागे टेबलावर गुळगुळीत हिरव्या पानांची डहाळी होती.

"कुठून आणलीस?" अर्नी ओरडला.

"तुझ्याच झाडाच्या शेंड्यावरून. तू जेवणानंतर डुलकी काढत होतास तेव्हा. जुन्या हॉलीला वर काटे नसतात, अर्नी. तिथं चरायला गुरं कशी येणार? माझे बाबा सांगायचे."

"पंचवीस फूट! या वयात!"

"सायलसनं शिडी धरली."

"ती म्हणाली धर," कोपऱ्यात चहा पीत बसलेला सायलस म्हणाला, "मग मी धरली."

अर्नी खुर्चीत बसला. त्यानं खिडकीतून बागेकडे एकदा बघून घेतलं. "ठीक आहे. लिही मेबलला. येतो म्हणावं."

"जूनमध्येच लिहिलंय. येत नाही म्हणून."

"जूनमध्ये?"

"चांगला रेनकोट झाडाला घालून तू स्वतः पावसात भिजत उभा होतास. हा माणूस समुद्रकाठी जाऊन काय करणार, म्हटलं. वाळूला पाणी घालत बसेल."

"अगं, मग शिडीवर कशाला चढलीस? मान मोडली असती!"

"म्हणजे तू जिंकणार, आपण इथंच राहणार, आणि वर्षभर तू मला ऐकवणार?" हेटीनं त्याच्यापुढे चहा ठेवला. "इथं राहायचं, हे मी ठरवलंय. आणि धोब्याकडून रेनकोट आण."

दुसऱ्या वसंतात त्या बोडक्या झाडाला पालवी फुटली आणि तिसऱ्या हिवाळ्यात फाटकाशी पुन्हा लाल फळं लागली. ते झाड मात्र खालच्या टोकालाच राहिलं. पुन्हा हलवायची अर्नीची छाती झाली नाही.

आता हेटीला जाऊन सहा वर्षं झाली. अर्नी ऐंशीला टेकलाय. काटेरी हॉली फाटकाशी आहे, मनात आणलं तर वर्षभर त्याचाच शब्द चालेल. पण नाताळच्या आदल्या दिवशी तो काठी घेऊन बागेच्या खालच्या टोकाला जातो. साठ पावलांची आता शंभर झाली आहेत. कुंपणापलीकडून सायलस दर वर्षी तेच विचारतो.

"अरे, आता भांडायला कोण आहे? जवळची घे की."

"जवळची माझी आहे," अर्नी म्हणतो.

गुळगुळीत डहाळी घेऊन तो दाराशी येतो, थांबून बूट नीट पुसतो आणि ती टेबलावर तिच्या जागी ठेवतो. मग किटली चढवतो आणि हेटीच्या खुर्चीकडे बघून विचारतो, यंदा कांदे कुठल्या वाफ्यात लावू म्हणून.