बावतीसदादांचं कंट्री

मे महिन्यात, भर दुपारी, मस्कतमध्ये गाडीच्या काचा वर करून एसी बंद ठेवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. बावतीसदादा. गाडी अल अमेरातच्या बोडक्या डोंगरांमागे उभी, दादांच्या मांडीवर गिटार आणि माझ्या हातात ओल्या टॉवेलात गुंडाळलेला टेपरेकॉर्डर.

"एसीची घरघर टेपमध्ये येते," ते म्हणायचे. "दोन गाणी सोस, देवगड. मग लावतो."

मी देवगडचा, म्हणून माझं नाव देवगड. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मस्कतच्या रुवी भागातल्या एका कंपनीत मी ड्राफ्ट्समन होतो आणि दादा एसी प्लांटवर. राहायलाही एकाच फ्लॅटमध्ये. दादा वसईचे, वय पंचेचाळीस. पण चेहरा कायम निकालाच्या दिवशी शाळेच्या फाटकाशी उभा असल्यासारखा. टेप वितळेल, तारा सैल पडतील, गिटारच्या पोटात वाळू जाईल. काळजी करायला त्यांना काहीही चालायचं. "झालं, खलास!" हे त्यांचं पालुपद. डाळीची फोडणी करपली तरी खलास आणि विमान दहा मिनिटं उशिरा उतरलं तरी खलास.

एकदा आमच्या त्या भट्टीच्या काचेवर टकटक झाली. बकऱ्या राखणारा एक ओमानी म्हातारा आम्ही आत मेलो की काय हे बघायला आला होता. त्यानं आम्हाला खडकाच्या सावलीत बसवलं, पाणी पाजलं, खजूर दिला आणि गिटारकडे बोट दाखवलं. दादांनी अख्खं गाणं म्हटलं. म्हातारा मान हलवत म्हणाला, "झेन." म्हणजे छान. पुढचे दोन दिवस दादा ज्याला त्याला सांगत होते, "शब्द एक कळला नाही, तरी झेन म्हणाला!" तिसऱ्या दिवशी काळजी सुरू झाली. "देवगड, तो बकरीला तर नाही ना म्हणाला?"

त्यांना हे वेड लावलं ते एका अमेरिकन फोरमननं. ऐंशीच्या सुमारास दादा वाळवंटातल्या एका ऑइल कॅम्पवर होते. फोरमन मायदेशी परतताना गिटार आणि तिकडच्या कंट्री गाण्यांच्या खोकंभर कॅसेट त्यांना देऊन गेला. दादांनी त्या झिजेपर्यंत ऐकल्या आणि स्वतःची गाणी रचायला घेतली, मराठीत. "कंट्री म्हणजे काय रे? गावाकडचं. त्यांचा घोडा, आपली बैलगाडी. त्यांचं रान, आपली केळीची वाडी. आपली ओवीच ती, फक्त बूट घातलेली."

त्यांच्या प्रत्येक गाण्यात बायको सोडून जायची.

"विहीर तीच, रहाट तोच, पाणी कुणाचं भरतेस गं,
माझ्या पायांची चाहूल येता दार का बंद करतेस गं?"

"अहो, पण रेजीनवहिनी तर वसईत तुमचंच घर सांभाळतायत," मी म्हणायचो.

"कंट्रीत बायको जावीच लागते. नियम आहे."

कॅसेट काढायचं ठरलं. दादांनी एका छोट्या स्टुडिओत शुक्रवारची सकाळ मिळवली. आठवडाभर ते गळ्याला मफलर गुंडाळून फिरत होते, मस्कतमध्ये! कोरससाठी आग्नेस आली, वसईचीच, इथल्या एका हॉस्पिटलात नर्स. चर्चमध्ये मिस्सा आटोपून आम्ही तिघं पोचलो.

दादांनी हेडफोन चढवला. काचेपलीकडून मल्याळी रेकॉर्डिस्टनं हात केला. संगीत सुरू झालं, गाण्याची जागा आली आणि गेली. दादा गप्पच. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ते गायला लागले, पण ताल पुढे गेला होता.

"अंकल, सुर भी नीचे जा रहा है," रेकॉर्डिस्ट म्हणाला.

दादांनी हेडफोन काढला. "देवगड, ह्यात वाजतंय का?"

"वाजतंय की."

"मला ऐकू येत नाही."

मग जिन्यात बसून त्यांनी सांगितलं. वीस वर्षं कॉम्प्रेसरच्या शेजारी काढलेली. डावा कान गेलेला, उजवा चाललेला. बंद गाडीत, सगळं शांत असलं की थोडंफार यायचं. कंपनीला कळलं तर घरी पाठवतील, म्हणून आठ महिने कुणाला बोलले नव्हते. मी "खलास"ची वाट बघत होतो. ते आलंच नाही. मला पहिल्यांदाच त्यांची खरी काळजी वाटली.

आग्नेस मात्र भडकली. "आणि तुम्ही प्लांट चालवता? मशीनचा आवाज बदललेला कळायला नको? उद्या काही फुटलं तर बाजूला उभ्या असलेल्या माणसाचं काय?"

दादा खाली मान घालून म्हणाले, "उद्याच सांगतो. पण आता आत जा. तू म्हण."

"मी?"

"मी शिकवतो."

ते तिच्यासमोर बसले. एक तळहात गिटारच्या पोटावर ठेवून गाण्यानं उठणारी थरथर मोजायची आणि नजर तिच्या ओठांवर. "इथं श्वास घे. इथं रडू नको, गाण्यातला नवरा राग गिळतोय." जेवणाच्या वेळेपर्यंत चार गाणी झाली. ऐकू न येणाऱ्या माणसानं ती करून घेतली होती आणि रेकॉर्डिस्ट काचेपलीकडे उभा राहून टाळ्या वाजवत होता.

शनिवारी दादा अर्बाबसमोर, म्हणजे कंपनीच्या मालकासमोर गेले. अर्बाबनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "प्लांट खलास. स्टोअरमध्ये काम कर. यल्ला, चल." दोन मिनिटांत संपलं. "आठ महिने झोप नाही मला," दादा घरी येऊन माझ्यावरच ओरडले, "आणि ह्याला दोन मिनिटं पुरली!"

कॅसेट निघाली. मस्कतमधल्या वसईकरांच्या घरोघर वाजली. मदिनत सुलतान काबूस वस्तीत एका बारशाला इंग्लिश बोलणाऱ्या पोरींनी अडखळत 'विहीर तीच' म्हटलं. सुट्टीवर जाणाऱ्या एकाबरोबर वहिनींसाठीही एक प्रत गेली.

पंधरा दिवसांनी, शुक्रवारी दुपारी, दादा मला रुवीतल्या फोन बूथवर घेऊन गेले. बाहेर रांग होती. नंबर फिरवून त्यांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला.

"आज तू ऐक."

"म्हणजे इतके दिवस?"

"'हो, बरं, ठेवतो' म्हणायचो. तिला वाटतं मी बदललो."

मी वहिनींना कानांचं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "तरीच. मला वाटलं, तिकडं कुणी आहे." पुढे म्हणाल्या, "गाणं ऐकलं. त्यांना सांगा, दार बंद नाही. मी वाट बघतेय."

मी दादांच्या उजव्या कानाशी तोंड नेलं. "वाट बघतायत!"

"कशाची?"

"तुमची!" मी ओरडलो. रांगेतले पठाण आणि मल्याळी वळून बघायला लागले. पलीकडे वहिनींना ते ऐकू गेलं असावं, त्या हसत होत्या.

"रडते का ती?" दादांनी घाबरून विचारलं.

"नाही, हसतायत."

दादांनी माझं मनगट पकडलं. "हसण्याआधी ती नाक ओढते. नीट ऐक. ओढलं का?"

मी रिसीव्हर कानाशी घट्ट दाबला.

"ओढलं," मी म्हणालो.