झिरो रिजेक्शन

खालच्या कोर्टात शिक्षा झालेल्या गरीब माणसाचं अपील निव्वळ पैशांअभावी राहून जाऊ नये, या उदात्त हेतूने थेरगावात, डांगे चौकाजवळच्या एका गाद्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर 'दुर्बल घटक अपील संरक्षण कार्यक्रम' सुरू झाला. प्रमुखपदी अ‍ॅड. हिंदुराव काळोखे यांची एकमताने निवड झाली. अपिलांचा त्यांचा अनुभव दांडगा होता. त्यांची बहुतेक अपिलं फेटाळली गेली होती हे खरं, पण अनुभव तो अनुभव.

हिंदुराव मनाने वाईट नव्हते, हे आताच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे ते पटायला जड जाईल. उद्घाटनाच्या भाषणात 'शेवटच्या माणसाला न्याय' म्हणताना त्यांनी खरोखर डोळे पुसले होते.

हा शेवटचा माणूस दुसऱ्याच दिवशी आला. म्हणजे तो स्वतः तुरुंगात होता, त्याची बायको आली. परभणीकडून पोटासाठी भोसरीत आलेलं, एका खोलीत राहणारं हे जोडपं. नवरा नवनाथ एका वर्कशॉपात लेथवर होता. संध्याकाळी शिफ्ट सुटताना गेटवर झडती घेतली तेव्हा त्याच्या डब्याच्या पिशवीत पितळी बुश, म्हणजे यंत्राचे छोटे सुटे भाग, निघाले, असं शेठचं म्हणणं. वॉचमनने तेच सांगितलं, कोर्टाला तेच पटलं आणि नवनाथला दीड वर्षाची शिक्षा लागली. सगळ्या कागदांवर घटनेची तारीख ठळक लिहिलेली होती. वार कुठेच नव्हता. वाराशी कायद्याला काही देणंघेणं नसतं.

"साहेब, ह्यांनी काय बी चोरलं न्हाई," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "शेठसंगं ओव्हरटाइमवरून वाजलं होतं ह्यांचं, त्याचा राग काढला बगा. आन त्या दिवशी गुरुवार होता हो साहेब. गुरुवार!"

हिंदुराव स्वतः दत्तभक्त. ऐकून त्यांना गहिवरून आलं. "गुरुवार करता का तुम्ही? करा, करा. सोडू नका. बाकीचं आमच्यावर सोपवा."

"तसं न्हवं साहेब, गुरुवारी तर—"

"फक्त साबुदाणा बेताने खा," हिंदुरावांनी आपुलकीने सांगितलं. "मला फार पित्त होतं त्याने."

रुक्मिणीबाईंना वाटलं, एवढा मोठा वकील, त्याला कळलंच असेल. त्या निघून गेल्या. अपील मंजूर झालं तर नवनाथ सुटणार होता, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याच्या कपाळावरचा चोराचा शिक्का पुसला जाणार होता. हा शिक्का असलेल्या माणसाला भोसरीपासून चाकणपर्यंत एकही गेट आत घेत नाही. कार्यक्रमातल्या तरुण वकील मैत्री यांनी झटून अपील तयारही केलं. फक्त हिंदुरावांची सही राहिली होती.

तेवढ्यात कुलदीप आले.

कुलदीप हे चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी हेड. कंपनीने सामाजिक जबाबदारी म्हणून कार्यक्रमाचा खर्च उचलला होता आणि खर्चासोबत कुलदीपनाही पाठवून दिलं होतं. त्यांच्या कंपनीलाही भोसरीसारखीच गुरुवारी साप्ताहिक सुट्टी, म्हणून आढावा बैठक दर गुरुवारी ठरली.

"सर, आपला रिजेक्शन रेट काय आहे?" पहिल्याच बैठकीत त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"कस्टमरकडून माल परत किती येतो?"

"पक्षकार परत येतात की," हिंदुराव म्हणाले. "चौकशीला रोजच येतात."

"पक्षकार नाही हो सर. पक्षकार म्हणजे रॉ मटेरियल. कस्टमर म्हणजे कोर्ट. आपण अपील बनवायचं, कोर्टाला सप्लाय करायचं. कोर्टाने फेटाळलं की झालं रिजेक्शन. आमच्याकडे एक बुश जरी परत आला ना, तर लाइन थांबवतात."

हिंदुरावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आयुष्यभर अपिलं फेटाळली गेली ती न्यायाधीशांमुळे, असं ते समजत होते. तपासणी न करता माल बाहेर सोडणं, हे खरं दुखणं होतं तर. त्याच आठवड्यात गाद्यांच्या दुकानाबाहेर फलक लागला: 'आमचे ध्येय, झिरो रिजेक्शन'. गादी परत घेणार नाहीत असा समज होऊन दुकानाचं गिऱ्हाईक थोडं कमी झालं, पण मोठ्या कामात असं चालायचंच.

अपील खऱ्या कोर्टात पाठवण्याआधी घरातच तपासायचं, असं ठरलं. त्यासाठी कार्यालयात पूर्वतपासणी न्यायालय उभारलं. मांडववाल्याकडून लाकडी चौथरा आणला, वर रिसेप्शनची लाल मखमली खुर्ची ठेवली. न्यायाधीश म्हणून अर्थातच हिंदुराव बसले. काळा कोट घालून ते प्रथमच वर चढले. तीस वर्षं जी खुर्ची खालून पाहिली, तिच्यावरून खालचं जग फारच लहान आणि संशयास्पद दिसत होतं.

"पण विरुद्ध बाजू कोण मांडणार?" कुलदीपनी विचारलं. "टेस्टिंग कडक नसेल तर उपयोग काय?"

मुद्दा बिनतोड होता. सरकारी पक्षाची बाजू मांडायला एक नामांकित, निवृत्त सरकारी वकील भरभक्कम मानधनावर नेमले. गरिबांची बाजू मैत्रीकडे राहिली, कारण त्यांचं मानधन उरलेल्या रकमेतून निघत होतं. अशा रीतीने गरिबांना अपिलात हरवण्यासाठी उत्तमातला उत्तम वकील गरिबांच्याच निधीतून उपलब्ध झाला.

नवनाथचं अपील पहिलंच. मैत्रींनी बाजू बरी मांडली, पण समोरचा माणूस मुरलेला. अपील फेटाळलं गेलं. कार्यक्रमाच्या भिंतीवर त्याची नोंद 'इन-हाउस पकडलेला दोष' अशी झाली आणि कुलदीपनी टाळ्या वाजवल्या. कारखान्यात रिजेक्ट माल लाल पेटीत वेगळा ठेवतात, चांगल्यात मिसळू नये म्हणून. इथे माणसं असल्याने पेटीऐवजी बाकडं लाल रंगवलं. रुक्मिणीबाईंना त्यावर बसायला सांगण्यात आलं.

त्या जिथे पॅकिंगला जायच्या, त्या कंपनीलाही सुट्टी गुरुवारचीच, म्हणून त्या दर गुरुवारी यायच्या आणि मुकाट्याने लाल बाकड्यावर बसायच्या. ओला रंग साडीला लागला तरी जागा सोडली नाही. फक्त हिंदुराव समोरून गेले की उठायच्या.

"साहेब, त्यो गुरुवार—"

"आहे लक्षात. मी सुद्धा आज उपाशीच आहे," हिंदुराव म्हणायचे आणि चौथऱ्यावर चढायचे.

मग मैत्रींनीच एक पेच टाकला. "सर, पूर्वतपासणीत फेटाळलेल्या पक्षकारांचं काय? कुणीही अपिलाच्या हक्काला मुकू नये, हे आपल्या कार्यक्रमाच्या घटनेतच आहे."

यावर दोन गुरुवार खल झाला. अखेर पूर्वतपासणी न्यायालयाच्या निर्णयावर दाद मागण्यासाठी पूर्वतपासणी अपील न्यायालय स्थापन झालं. जागा तीच. खुर्चीही तीच, फक्त चौथऱ्यावर आणखी एक चौथरा चढवला. न्यायाधीश हिंदुरावच, पण आता अधिक उंचीवरून. पंख्याचं पातं डोक्याला लागू नये म्हणून ते मान खाली घालून न्याय देत. लोकांना ती नम्रता वाटे.

तिथे नवनाथचं प्रकरण पुन्हा निघालं. निवृत्त सरकारी वकिलांनी असा काही सूर लावला की हिंदुराव भारावून गेले. मालकाचं मीठ खाऊन मालकाचेच बुश चोरायचे, म्हणजे काय चाललंय काय! त्यांनी अपील तर फेटाळलंच, वर शिक्षाही सहा महिन्यांनी वाढवली.

मैत्री उभ्याच राहिल्या. "सर, आपण त्यांचे वकील आहोत!"

"वकील म्हणून माझी त्यांना संपूर्ण सहानुभूती आहे," पंख्याखालून हिंदुराव म्हणाले. "पण इथे मी न्यायाधीश आहे. माझ्यावर दबाव आणू नका."

"मग निदान खऱ्या कोर्टात तरी जाऊ द्या ते अपील. तिथे कदाचित मंजूरही होईल!"

"कदाचित?" कुलदीप दचकले. "मॅडम, कदाचितवर आम्ही ब्रेकचा एक पार्ट सुद्धा सोडत नाही."

खऱ्या तुरुंगाने ही वाढीव शिक्षा मानली नाही, तेवढंच नशीब. हिंदुरावांना ती संस्थेची अवहेलना वाटली आणि त्यांनी तसं तुरुंगाला कळवलंही.

असं करत करत दीड वर्ष सरलं. या काळात कार्यक्रमाकडे माणसांची रीघ लागली होती, कुरुळीपासून रावेतपर्यंतची. एकही अपील बाहेर गेलं नाही आणि त्यामुळे एकही फेटाळलं गेलं नाही. झिरो रिजेक्शन. देशात असा कार्यक्रम दुसरा नसावा. कुलदीपच्या कंपनीने भोसरीतलं एक मंगल कार्यालय घेऊन गौरव सोहळा ठेवला. आसपासच्या कंपन्यांतले कामगार, सुपरवायझर, लहान शेठ, सगळ्यांना यायला जमावं म्हणून सोहळा गुरुवारी ठेवला. हॉल खच्चून भरला.

सत्काराला एक लाभार्थी लागतो. शिक्षा पुरी भोगून नवनाथ नुकताच सुटला होता. कार्यक्रमात नाव नोंदवलं तेव्हा तो आत होता, आता बाहेर होता, एवढं यश पुरेसं होतं. त्याच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. कुलदीपनी हिंदुरावांच्या हाती ट्रॉफी दिली. काचेचं मोठं, जड शून्य होतं ते. हिंदुरावांनी ते छातीशी धरलं आणि त्यांना खरोखर रडू आलं.

"दोन शब्द बोला," ते नवनाथला म्हणाले. "थोडक्यात."

नवनाथने माइक हातात घेतला. पहिल्या रांगेत रुक्मिणीबाई होत्या, पाठीवर लाल पट्टे उमटलेल्या त्याच साडीत.

"रामराम मंडळी. आज गुरुवार हाय. समदे कंपनीवालेच दिसतात हितं. आज कुणाकुणाची शिफ्ट चालू हाय, जरा हात वर करा बरं."

हशा पिकला. एकही हात वर गेला नाही. "येडा झाला का भावा?" मागून कुणीतरी ओरडलं. "गुरुवारी कुठली शिफ्ट भोसरीत? लाइटपण नसते धड!"

"मी बी तेच म्हनतो," नवनाथ म्हणाला. "शिफ्ट सुटताना मला गेटवर धरलं म्हने. त्यो बी गुरुवारच होता. शिफ्ट लागलीच न्हाई, तर सुटली कशी? गेटला कुलूप होतं, तर धरलं कुठं?"

मैत्रींनी मोबाइलवर कॅलेंडर मागे सरकवत नेलं, ती तारीख शोधली आणि स्क्रीन हिंदुरावांच्या पुढे धरली. गुरुवार. हिंदुरावांना साबुदाणा आठवला. मग लाल बाकडं आठवलं, दर वेळी अर्धवट उठणारी ती बाई आठवली.

ते ताडकन उठले. "उद्याच्या उद्या अपील लावतो. उशीर झालाय, पण माफ करून घेता येतो. तुमचा शिक्का पुसला जाईल, नवनाथ. हे अपील मंजूर होणारच!"

"नक्की सर?" कुलदीपनी हळूच विचारलं. "शंभर टक्के?"

"कोर्टाचं शंभर टक्के कोण सांगणार?"

"मग बघा बुवा. ट्रॉफी झिरोची आहे. एक जरी फेटाळलं, तर परत द्यावी लागेल. आणि सर, ह्यांचा माल तर डिस्पॅच झालाय की आता."

हिंदुरावांनी नवनाथकडे पाहिलं, मग छातीशी धरलेल्या शून्याकडे. चांगलंच जड होतं ते, खाली ठेवायला टेबल दिसत नव्हतं.

"बैठकीत घेऊ," ते म्हणाले. "पुढच्या गुरुवारी."

मैत्री तिथूनच घरी गेल्या, त्या परत आल्या नाहीत. नवनाथ आजही गेटांवरून परत फिरतो, आणि लाल बाकडं रंगाचा दुसरा हात देऊन नवं करण्यात आलं आहे.

वाचकहो, हिंदुरावांचा तुम्हाला राग आला असेल, तो रास्तच आहे. फक्त एवढंच आठवून बघा: रुक्मिणीबाई पहिल्याच भेटीत सगळं सांगून मोकळ्या झाल्या होत्या. तेव्हा तुम्ही साबुदाण्याला हसलात आणि पुढे वाचत गेलात. मैत्रींची जागा अजून रिकामी आहे, अर्ज जरूर करा. अनुभव तुमच्याकडे आहेच.