चर्चच्या दारात उघडलेला एक्सल

पिकअपचा मागचा एक्सल बदलायला दोन तास लागतात. ज्याला जास्त लागतात त्यानं पाने विकावेत आणि भरतकाम शिकावं, असं मी वीस वर्षं ज्याला-त्याला ऐकवत आलो. आता नाही ऐकवत. आता गावातल्या म्हाताऱ्यासुद्धा मला दिसताच एकमेकींना विचारतात, "काय गं, झाले का दोन तास?"

तर बाबा ऑकलंडच्या दवाखान्यात बुधवारी गेले. बरं वाटावं म्हणून पाठवलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी त्यांना इतकं तपासलं, इतकं तपासलं, की तपासायला माणूसच उरला नाही. शव सोमवारच्या विमानानं यायचं होतं. आमच्या टोंगात रविवारी विमान उतरत नाही, दुकान उघडत नाही, आणि कुणी काम करताना सापडला तर पोलिसात जावं लागतं. देवानं सहा दिवस काम करून सातव्या दिवशी आराम केला म्हणे. केला असेल. त्याचा एक्सल तुटला नव्हता.

जाताना विमानतळावर बाबांनी माझा हात धरून एकच गोष्ट सांगितली होती. "परत येईन तसा येईन. पण घरी माझ्याच गाडीतून न्यायचं. सुनियाच्या गाडीत मला घालायचं नाही."

सुनिया म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, माझा काका. चर्चच्या गायकांना हात हलवून गायला लावणारा, चकचकीत नव्या पिकअपचा मालक आणि गावातला सर्वांत इस्त्री केलेला माणूस. बाबा, म्हणजे गावाचा माक्का, त्याच गायकांत खालच्या पट्टीचे म्होरके. दर रविवारी दोघं चार हातांवर समोरासमोर उभे राहायचे, एकानं हात हलवायचा, दुसऱ्यानं गायचं. आणि अकरा वर्षं एक शब्द बोललेले नव्हते! मी कारण विचारलं नाही. आमच्या घरात कारण विचारलं की ताट पुढून जायचं.

शनिवारी दुपारी मी सगळ्यांना सांगितलं, दहाव्या-तेराव्याचं... म्हणजे तुमच्याकडे जे असतं ते. आमच्याकडे जेवणावळी मातीच्या आधीपासूनच सुरू होतात. तर सांगितलं की सगळं सामान मी बाबांच्या पिकअपमधून एकाच खेपेत आणतो. दोन डुकरं, त्यांतलं एक सुनियाकाकाच्या अहंकाराएवढं. तीन दिवसांचं सरपण. अळूच्या कंदांची पोती. आणि या सगळ्यांहून वजनदार, कालोलाइने आत्या.

आत्या बाबांची थोरली बहीण. आमच्याकडे मयताला मयताच्या बहिणीचा शब्द शेवटचा. पाद्रीसुद्धा तिच्यापुढे आवाज चढवत नाही. आणि मयताची मुलं सर्वांत खालची. आम्ही कमरेला फाटकी चटई गुंडाळायची, धुरात बसायचं, डुकरं भाजायची आणि तोंड उघडायचं नाही. ही चटई माझ्या काखेपासून घोट्यापर्यंत होती. तिच्यात मी गाडी चालवत होतो म्हणजे गुंडाळलेल्या मेलेल्या माणसानंच गाडी चालवावी तसं.

चर्चच्या बरोबर दारासमोर मागून हाड मोडल्यासारखा आवाज आला. इंजिन ओरडत राहिलं, गाडी जागची हलेना.

"काय झालं?" आत्यानं विचारलं.

"एक्सल गेला. दोन तास."

आत्या उतरली, आपली चांगली, न फाटलेली चटई पदरासारखी सावरली आणि सूर्याकडे बघून म्हणाली, "दोन म्हणालास. ऐकलंय मी."

शहाण्या माणसानं गाडी ढकलून कडेला नेली असती. चार माणसं ढकलायला तयारही होती. पण मला गावाला दाखवायचं होतं ना! मी तिथंच जॅक लावला, खाली नारळाची खोडं रचली, चाक काढलं, ड्रम काढला, चार नट सोडले आणि एक्सल बाहेर ओढला. म्हणजे बराचसा ओढला. तुटलेल्या टोकाचा तुकडा आत डिफरन्शियलमध्ये, म्हणजे दोन चाकांमधल्या दातेरी डब्यात, घशात माशाचा काटा अडकावा तसा.

तो नंतर बघू म्हटलं, आधी एक्सलचा नवा दांडा, म्हणजे शाफ्ट, आणू. नवा कुठला नवा! आमच्या बेटावर परदेशातल्या लोकांनी वापरून, वैतागून, शिव्या देऊन सोडलेल्या गाड्या येतात आणि त्या मेल्या की त्यांचे अवयव आम्ही जिवंतांना बसवतो. गावाबाहेर एका मळ्यात तसल्याच एका गाडीचा सांगाडा होता. तिच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. मालक म्हणाला, शाफ्ट ने, पण खुडूक कोंबडीला उठवू नकोस. मी तिच्याखाली पडून गंजलेले नट सोडवत होतो आणि ती वरून माझ्याकडे पोलिसासारखी बघत होती. शाफ्ट निघाला तेव्हा सूर्य बुडाला होता. शाफ्टचे दाते जरा झिजलेले वाटले. बोट फिरवलं आणि म्हटलं, चालेल.

परत येऊन आतला तुकडा ओढायला गेलो. लोहचुंबक लावलं, तारेचा फास लावला, प्रार्थना केली. तुकडा हलला नाही. आणि शनिवार संपला.

रविवारी सकाळी सगळं गाव काळे कपडे घालून चर्चला निघालं, आणि चर्चच्या दारात लाकडांवर तंगडी वर करून उभी असलेली बाबांची गाडी! प्रत्येकाला तिला वळसा घालून जावं लागत होतं आणि वळसा घालताना प्रत्येकाला सल्ला सुचत होता. ज्यांनी जन्मात सायकलची चेन बसवली नाही ते मला बेअरिंग समजावत होते. पेनिसिमानी, म्हणजे आमचा गावअधिकारी, वहीसकट आला आणि सौम्यपणे म्हणाला की आज पान्याला हात लागला तर त्याला लिहावं लागेल. मी म्हणालो की हात माझे आहेत, कुठं लावायचे ते मी ठरवीन. त्यानं तेही लिहून घेतलं.

मग सुनियाकाका आला. माझ्याशी बोलला नाही. गाडीकडे बघितलं, टाय सरळ केला आणि आत्याला म्हणाला, "माझी गाडी धुऊन, काळं कापड बांधून तयार आहे. तू फक्त सांग."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी धुरातला माणूस. तोंड बंद.

आत्यानं मला बाजूला घेतलं. शेवटचं गाणं झालं की पाद्री अंत्यविधीच्या सूचना वाचणार होता: शव कधी येणार, कोणत्या गाडीतून येणार. चर्चमध्ये वाचलं की ते दगडावर कोरल्यासारखं. कुणाच्या बापालाही बदलता येत नाही, मेलेल्या बापालाही नाही.

"गाणं संपलं की मी पाद्रीला नाव सांगणार," आत्या म्हणाली. "तोवर तो तुकडा बाहेर असेल तर माक्काची गाडी. नसेल तर सुनियाची. उद्याच्या भरवशावर मी भावाला विमानतळावर ताटकळत ठेवणार नाही."

"आत्या, आज रविवार आहे."

"मला वार कळतात." आणि नाकाला रुमाल लावून म्हणाली, "तू आत येऊ नकोस. ऑइलचा वास मारतोय."

ती आत गेली. दार उघडंच होतं. मी गाडीखाली सावलीत चटईसकट पडून राहिलो, उलटं पडलेलं कासव. बाबा आठवत होते. रडू येत होतं आणि वरून ब्रेकचं तेल डोळ्यात ठिबकत होतं, त्यामुळे नेमकं कशाचं पाणी येतंय ते माझं मलाच सांगता येईना.

मग सुचलं. पाण्याचा जुना लोखंडी पाइप होता, त्याचं तोंड त्या तुकड्याच्या टोकाहून किंचित लहान. एक्सल ज्या लोखंडी नळीत बसतो तिच्यातून पाइप आत घालायचा, तुकड्याच्या टोकावर टेकवायचा आणि मागून घण घालायचा. पाइप टोकावर घट्ट चढला की ओढायचा, बुचासारखा तुकडा बाहेर. अडचण एकच. लोखंडाच्या नळीत लोखंडाचा पाइप ठोकला तर आवाज पलीकडच्या बेटावर जातो.

पण आमच्या लोकांचं गाणं तुम्ही ऐकलेलं नाही. दोनशे माणसं, एक वाद्य नाही, आणि वरचे पत्रे थरथरतात. त्या आवाजात मी ट्रक फोडला तरी कुणाला कळणार नव्हतं. शेवटचं गाणं मला पाठ होतं, मीही त्या गायकांत पंधरा वर्षं उभा राहिलेलो. तीन कडवी. प्रत्येक कडव्याच्या शेवटी सगळे गळा फाडतात, तिथं ठोकायचं. आणि तिसऱ्या कडव्यात एक जागा अशी, की खालच्या पट्टीवाले चार ठोके असे गर्जतात की खिडक्यांच्या काचा हलतात. ती बाबांची जागा. सर्वांत मोठे घाव मी तिथं राखून ठेवले.

पहिल्या कडव्याला तीन घाव. पाइप टेकला. दुसऱ्याला पाच. पाइप चढू लागला, पण ओढला की सुटत होता. अजून थोडं, अजून बोटभर हवं होतं. तिसरं कडवं सुरू झालं. मी घामानं आणि तेलानं निथळत होतो, कानांत दडे बसले होते. आवाज चढत गेला, चढत गेला, बाबांची जागा आली, आणि मी जीव खाऊन घण घातला.

ठण्ण.

ठण्ण.

ठण्ण.

चौथ्याला घण वर गेला आणि माझ्या लक्षात आलं की आपल्याशिवाय कुणीच गात नाहीये.

मला कुणी सांगितलं नव्हतं. मी धुरात होतो, मला कोण सांगणार! सुनियाकाकानं आदल्या संध्याकाळी गायकांना सांगून ठेवलं होतं की ते चार ठोके कुणी गायचे नाहीत. माक्काची जागा रिकामी सोडायची. दोनशे माणसं माना खाली घालून उभी होती. बायका डोळे पुसत होत्या. आणि माझ्या बापासाठी राखलेल्या त्या पवित्र शांततेत मी तीन घाव घातले होते.

चौथा ठोका रिकामा गेला. मग सुनियाकाकाचा हात खाली आला, आणि काय सांगू, सगळे बरोबर वेळेवर पुढचं गायला लागले. गाणं पूर्ण झालं. मग सगळे बाहेर आले.

मी गाडीखालून निघालो तर समोर नुसते काळे बूट. पेनिसिमानीनं वही उघडली होती. पाद्रीचा चेहरा असा, की सैतानालाच त्यानं रंगेहाथ पकडलं होतं. सुनियाकाका पुढं आला. मी मनात म्हटलं, मार आता. मारलंस तर बरं होईल.

"तीनच का?" त्यानं विचारलं.

मला कळेना.

"चार ठोके आहेत तिथं. चौथा कुठं गेला?" त्याचा आवाज फाटला. "तुझा बापही असाच. तीन गायचा आणि चौथ्याला दम घ्यायचा. अकरा वर्षांपूर्वी सगळ्यांसमोर त्याला म्हणालो, चौथा गिळू नकोस. तेवढंच म्हणालो रे मी."

अकरा वर्षं. एका ठोक्यासाठी! मी आजवर समजत होतो जमिनीचं काहीतरी असेल, बाईचं असेल, निदान डुकराचं तरी. काका तिथंच धुळीत माझ्या फाटक्या चटईला धरून रडला. इस्त्रीची पर्वा न करता.

पाद्री काही बोलणार, तेवढ्यात आत्या आली. तिनं कुणाकडे पाहिलं नाही. मला म्हणाली, "निघाला?"

मी वाकलो, पाइप धरला आणि ओढला. निघाला. टोकावर तो चार बोटांचा मेला तुकडा, तेलानं चमकत.

आत्यानं पेनिसिमानीकडे मान वळवली. "पोरगं बापासाठी घंटा वाजवत होतं. लिहायचं असेल तर तसं लिही." पेनिसिमानीनं वही मिटली. पाद्रीनं आत जाऊन वाचलं, माक्काचं शव माक्काच्याच गाडीतून येईल.

गोष्ट इथं संपवली असती तर माझी इज्जत राहिली असती. पण मी खोटं लिहीत नाही.

सोमवारी उजाडताच शाफ्ट बसवला. खरं सांगतो, एक तास चाळीस मिनिटं! विमानतळावरून पेटी घेतली, बाबांना मागं ठेवलं, आत्या माझ्या शेजारी बसली. आमच्या सपाट बेटावर चढ म्हणावा असा एकच आहे. तिथं त्या शाफ्टच्या झिजलेल्या दात्यांनी मान टाकली. इंजिन ओरडतंय, चाक ढिम्म, आणि गाडी बाबांना घेऊन सावकाश उलटी विमानतळाकडे निघाली.

मागं सुनियाकाकाची गाडी होती. तो वळसा घालून पुढं आला, दोर काढला आणि दोन्ही गाड्यांना बांधला. मी आत्याकडे बघितलं. आत्या समोर बघत होती.

"आत्या, बाबा म्हणाले होते..."

"त्याच्या गाडीत घालू नका म्हणाला होता. घातलाय का?"

"नाही."

"मग गप बस."

असे आम्ही गावात शिरलो. पुढं काका, मध्ये दोर, मागं बाबा. इतकी संथ, इतकी शानदार अंत्ययात्रा गावानं कधी पाहिली नव्हती, असं अजून लोक सांगतात. आम्ही मुद्दाम हळू नेलं असं सगळे समजतात. मी त्यांचा गैरसमज दूर केलेला नाही. स्टिअरिंग माझ्याच हातात होतं, एवढं मात्र मी सगळ्यांना आवर्जून सांगतो.