गोरडनानांची पोरटं

आमच्या दूध संघाच्या साताऱ्याच्या ऑफिसात गोरडनाना कुठल्याच खोलीत सरळ शिरत नाहीत. दार सताड उघडं असो, आत माणसांची जत्रा भरलेली असो, नाना उंबऱ्याबाहेर थांबणार, चौकटीवर टकटक करणार आणि विचारणार, "ऐंशी-ऐंशीवर हाय का कोण?"

"या की नाना," म्हटलं तर हा माणूस जागचा हलत नाही. "ऐंशी-ऐंशीवर आहे," असंच म्हणावं लागतं, मग चप्पल आत पडते. मी अकाउंट्समध्ये नवी होते तेव्हा हट्ट धरला की असलं खुळ्यासारखं मी काही बोलणार नाही. नाना दारातच उभे. माझा प्रिंटर बंद, साहेब कागदासाठी कावलेले, आणि हे आपले चौकटीला टेकून छताकडे बघतायत. शेवटी मीच म्हणाले एकदाची, "ऐंशी-ऐंशीवर आहे हो बाबा!" तेव्हा आत आले आणि प्रिंटरची वायर खोचून गेले. वायरच निघाली होती मेली.

नाना म्हणजे संघाचे कॉम्प्युटरवाले. माणदेशातल्या मेंढरं राखणाऱ्या घरातले. वडील कळप घेऊन रानोमाळ फिरले, नानांनी आयटीआय केलं आणि आता साताऱ्यात एका खुर्चीवर बसून कोरेगाव, कडेगाव आणि बाकीच्या शाखांचे सगळे कॉम्प्युटर राखतात. त्यासाठी एक सॉफ्टवेअर आहे. रोज सकाळी शाखेचा कॉम्प्युटर साताऱ्याच्या सर्व्हरला हाक मारतो, मी जागा आहे म्हणून सांगतो आणि त्या दिवसाचा दूधदर घेऊन जातो. हाक पोचली की नानांच्या पडद्यावर त्या शाखेपुढे हिरवा ठिपका. नाही पोचली की लाल.

ही हाक एका ठरलेल्या नंबरावरच मारायची असते. त्या नंबराला जग पोर्ट म्हणतं. नाना म्हणतात पोरट. एक असलं तर पोरट, अनेक असली तर पोरटं. आमचा तो नंबर ऐंशी-ऐंशी. दोन्ही बाजूंना एकच नंबर पाहिजे, हे त्यांनी मला एष्टी स्टँडावर नेऊन समजावलं.

"हे बगा म्याडम. तुमी कोरेगावच्या गाडीनं आलासा, उतरलासा सात नंबरच्या फलाटाला. मी तुमास्नी न्ह्यायला आलोय, पर हुबा ऱ्हायलोय तीन नंबरला. तुमी बी खरं, मी बी खरा. गाठ पडंल का?"

"मी तुम्हाला हाक मारीन की."

"सर्वरला मान वळवाय येत न्हाई," नाना म्हणाले आणि उसाच्या रसाचे पैसे मला द्यायला लावले.

एकदा हे डोक्यात बसलं की माणूस कशालाही सोडत नाही. रिक्षावाला थांबला नाही की नाना म्हणणार, "त्येचं पोरट बंद हाय." बँकेतली बाई ऐकून न ऐकल्यासारखं करते, पोरट बंद. आमच्या एका शिपायाने बदलीसाठी नवस बोलला होता. त्याला नानांनी गंभीरपणे सल्ला दिला, "देवाला किती सालं त्याच पोरटावर हाक मारतुयास रं? बदलून तर बग गड्या." तो गडी पुढच्या सोमवारी खरंच दुसऱ्या देवळात गेला.

पण खरी धमाल फोनवर. नानांचा आवाज म्हणजे माळावरून पल्याडच्या टेकडीशी बोलणारा. एकदा बाहेर बाकावर संघाला दूध घालणारे एक पागोटेवाले म्हातारबाबा बसले होते आणि आत नाना कोरेगावशी बोलत होते.

"आवं, तुमची पोरटं लय उघडी पडल्यात! कोण बी आत शिरंल! सगळी बंद करा. एकच ठिवा. आन् त्ये आमच्या पोरटाशी जुळतंय का न्हाई, आधी बगा. जुळल्याबिगर मी म्होरं जाणार न्हाई, सांगून ठिवतो!"

म्हातारबाबा कान टवकारून ऐकत होते. नानांनी फोन ठेवल्यावर ते हळूच दारात आले. "आवं पावनं, हितं सोयरिकी बी जुळवत्यात व्हय?" आणि खिशातून नातीची पत्रिका काढून टेबलावर ठेवली. मी हसून हसून खुर्चीतून पडायची बाकी होते. नाना मात्र हसले नाहीत. त्यांनी पत्रिका दोनदा वाचली, पोरगी डी.एड. आहे म्हणाले, आणि आठवडाभर ऑफिसातल्या प्रत्येक बिनलग्नाच्या पोराला गाठून सतावलं. एक पोरगा तर नानांच्या भीतीनं कॅन्टीनला यायचा बंद झाला.

असं सगळं मजेत चाललं होतं. मग चेअरमनसाहेबांच्या मनात आलं की संघाची वेबसाइट पाहिजे. वेबसाइट आली आणि तिने आमची ऐंशी-ऐंशीची जागा बळकावली. एका नंबरावर दोघं बसत नाहीत. मग नानांचं सॉफ्टवेअर नव्या नंबरावर गेलं, चौऱ्याऐंशी-त्रेचाळीस. म्हणजे आता प्रत्येक शाखेच्या कॉम्प्युटरमध्ये जुना नंबर खोडून नवा घालणं आलं.

साहेबांनी बजावलं, "शनिवारी सगळे डायरेक्टर येणार. मोठ्या पडद्यावर सगळ्या शाखा हिरव्या दिसल्या पाहिजेत. एक जरी लाल दिसली नाना, तर हे काम पुण्याच्या कंपनीला जाईल आणि तुम्ही आपले घरी बसा."

घरी बसा म्हणे! नानांच्या घरी आहे कोण? बायको वारली. घरी गेल्यावर माणूस टीव्हीशी बोलतो. ऑफिस गेलं तर हा माणूस महिन्याभरात खंगेल, हे आम्हाला दिसत होतं.

नाना कामाला लागले. आमच्या दारात आता "चौऱ्याऐंशी-त्रेचाळीसवर हाय का कोण?" सुरू झालं, आणि ते बिनचूक म्हणताना आमची जीभ वळेना. शाखा भराभर हिरव्या झाल्या. राहिली एकटी कडेगाव.

"नाना, कडेगावचं काय?"

"तितलं मशीन लय हट्टी हाय."

दुसऱ्या दिवशी म्हणाले लाइन खराब आहे. तिसऱ्या दिवशी म्हणाले, जातो की उद्याच्याला. शुक्रवारी नाना चहाला गेले असताना त्यांच्या टेबलावरचा फोन वाजला. मी उचलला.

"हेड ऑफिस? कडेगाव बोलतेय. दर सांगा." बाईचा आवाज, अगदी सरकारी. मी कॉम्प्युटरबद्दल विचारलं तर म्हणाली, "नंबर जुना आहे म्हणून दर येत नाही. मला बदलता येतो, पण नाना गोरड म्हणतात हात लावू नका. रोज फोन करा, मी वाचून दाखवतो." मग जरा थांबून तिने विचारलं, "आज ते आले नाहीत का? बरं नाही का त्यांना?"

"तुम्ही कोण?"

"सारिका," ती म्हणाली. "त्यांची मुलगी."

मी फोन ठेवला. नाना चहाचा कप घेऊन आले, टकटक करायला लागले, तर मी ओरडले, "काही नंबर-बिंबर नाही, आत या आधी!" आणि आयुष्यात पहिल्यांदा नाना नंबराशिवाय आत आले.

मग सगळं निघालं. सारिकाने लग्न स्वतःच ठरवलं. पोरगा कडेगावचा, बौद्ध घरातला, हायस्कुलात मास्तर. नाना लग्नाला गेले नाहीत. चार लोक काय म्हणतील, एवढंच कारण. तिने वाट बघितली आणि मग तीही बोलायची थांबली. पुढे तिला आमच्याच कडेगाव शाखेत नोकरी लागली, तरी बापलेकीत शब्द नाही. सर्व्हरचा नंबर बदलला, दर पोचेना, तेव्हा तिला फोन करावा लागला.

"'हेड ऑफिस?' म्हनती. मी म्हनतो, 'बोला कडेगाव.' मग मी दर सांगतो. सावकाश सांगतो," नाना म्हणाले. "नंबर जुळला की दर आपआप जाईल. मग ती कशाला फोन करंल?"

मला त्यांचा असा संताप आला! पडद्यावरच्या ठिपक्यांसाठी जिवाचं रान करणारा माणूस, आणि स्वतःच्या लेकीच्या मांडवात जायला याला लाज वाटली. तसं तोंडावर बोलले मी. आणि बोलता बोलता मलाच रडू यायला लागलं, ते वेगळंच.

शनिवारी डायरेक्टर मंडळी वर हॉलमध्ये जमली. कडेगाव अजून लाल. मी नानांच्या डोक्यावर उभी होते. नानांनी घाम पुसला आणि स्वतः फोन लावला.

"बोला हेड ऑफिस," पलीकडून आलं. नाना फोनचा आवाज कायम मोठा ठेवतात, त्यामुळे मलाही ऐकू येत होतं.

"कडेगाव, त्यो जुना नंबर खोडा. चौऱ्याऐंशी-त्रेचाळीस घाला."

"हात लावू नका म्हणाला होतात ना?"

"आता लावा," नाना म्हणाले.

खटखट वाजलं. ठिपका हिरवा झाला. "झालं," ती म्हणाली. "झालं," नानाही म्हणाले, आणि दोन्हीकडून फोन ठेवला गेला. वर हॉलमध्ये टाळ्या पडल्या. साहेब स्वतः खाली आले, नानांच्या पाठीवर थाप मारून पेढा देऊन गेले. नोकरी वाचली. नानांनी पेढा कागदावर ठेवला आणि त्या हिरव्या ठिपक्याकडे असे बघत बसले की मला त्यांच्याकडे बघवेना.

जेवणाची सुट्टी झाली. नाना डबा आणत नाहीत, म्हणून मी माझा त्यांच्यापुढे सरकवला. आधी नको नको म्हणाले, मग भाकरी, मेथी, ठेचा, सगळं चाटूनपुसून खाल्लं. हात धुऊन येतायत तोच फोन वाजला. मी उचलला.

"हेड ऑफिस," मी म्हणाले.

"हेड ऑफिस नको," सारिका म्हणाली. "आण्णा हायती का?"

मी नानांच्या हातात फोन दिला. "बोला कडे..." एवढंच ते म्हणाले.

"आण्णा, दर आला," सारिका म्हणाली. "सगळं चालतंय. दुसरं कायबी काम न्हाई." तरी तिने फोन ठेवला नाही. "जेवलासा का?"

"न्हाई अजून," नाना म्हणाले.

माझा रिकामा डबा समोर होता. मी तोंड उघडलं, तर नानांनी माझ्यापुढे हात जोडले. तिकडून सारिका कडाडली, "येळ काय झाली आण्णा? ह्या वयात असं उपाशी बसायचं असतंय व्हय? कोण बघतंय तुमच्याकडं? ते काय न्हाई, रविवारी हिकडं या जेवायला!"

"व्हय," नाना म्हणाले. "व्हय बाय. येतो." आणि आणखी रागव, आणखी रागव, अशा चेहऱ्याने फोन कानाला घट्ट लावून ऐकत राहिले.