हकीकत नामक्कलच्या कोंबडीच्या तंगडीची

अंड्यांच्या मुलखाचे धनी, तारेच्या कोटांचे किल्लेदार, राजमान्य राजश्री सेन्नियप्प गौंडर, मुक्काम नामक्कल, तमिळ मुलूख, यांच्या अमदानीत एका कोंबडीच्या तंगडीवरून जे रण माजले, ते आम्ही त्यांच्याच पदरी खाद्य कालवीत असता डोळां देखिले, ते अथपासून इतिपर्यंत लिहितो. ज्यांस कोंबडीचे वर्तमान हलके वाटेल त्यांनी उद्यापासून आम्लेट खाऊ नये.

गौंडरांची दौलत थोर. पिंजऱ्यांवर पिंजरे, आणि एकेका पिंजऱ्यात चार-चार बेगमा बंदिवान, आणि एकीच्या वाट्यास वहीच्या पानाएवढा मुलूख, मग पंख पसरणे दूरच, शेजारणीच्या मर्जीवाचून कूस बदलणे मुश्कील. अंडे मात्र रोज. हाडांतला चुना टरफलात उतरावा आणि टरफल गाडीत चढावे, ऐसा दौलतीचा शिरस्ता. या बंदोबस्तास गौंडर ‘आराम’ म्हणत.

मग ग्रह फिरले. खाशांची स्वारी मोपेडवरून एका चिंचेवर चालून गेली, आणि चिंच हटली नाही, आणि खाशांची मांडी मोडली. मातोश्री नाच्चियम्माळसाहेब यांनी ग्रामदेव करुप्पण्णसामीस नवस केला की, लेकाचे हाड जुळले तर कोंबडे वाहीन. हाड जुळले. आता त्या मुलखाचा रिवाज ऐसा की, नवसाच्या जनावरावर हळदीचे पाणी शिंपडावे आणि त्याने उभे राहून अंग झाडावे, तरच देवास मंजूर. न झाडल्यास नवस नामंजूर, आणि त्या घरास जत्रेतले मानाचे पागोटे बंद. गौंडरांमागे त्या पागोट्याचे हक्कदार बहिणीचे यजमान, मेहुणे तंगमुत्तू. हे परसात गावठी कोंबडे पाळीत, आणि पागोट्याकरिता डोके सदैव तयार ठेवीत.

गौंडरांनी काटकसरीची मसलत केली. “गावठी कोंबडा कशाला विकत घ्यायचा? शेडात ढीग पडल्यात. देव काय पैदास विचारतोय?” ऐसे म्हणोन उतरत्या वयाची एक पांढरी काढविली आणि देवळापुढे जमिनीवर ठेविली. पांढरीने उभ्या जन्मात जमीन देखिली नव्हती. ती मटकन बसली. पुजाऱ्याने पाणी शिंपडले, ती बसली. तांब्या रिता केला, तरी बसलीच.

तंगमुत्तू गर्दीतून मेहुण्यास ओरडले, “मच्छान, कोंबडी आणलीस का उशी?”

तमाम गाव हसले. पुजाऱ्याने निवाडा दिला, “सामी नाही म्हणतोय. जत्रेला परत विचारू. पण हीच आणायची, दाखवलेलं जनावर बदलायचं नाही.”

ऐसी शिकस्त खाऊन स्वारी परतली. मातोश्री बहुत कष्टी जाहल्या. देवाने दिलेला पाय देव माघारी मागेल, या भयाने त्यांस अन्न गोड लागेना. जत्रेस सारा पावसाळा अवकाश होता. गौंडरांनी शिंपल्यांचा चुरा चारला, टॉनिक पाजले, आणि पांढरी ते खाऊन अधिक आरामात बसली.

मग मातोश्रींची तोफ सुटली. “तू खाटेवर होतास तेव्हा दूध काय कमी पाजलं? पाय वाळून काडी झालाच ना? डॉक्टरनं हाकलून चालवलं तेव्हा भरला.”

“अम्मा, मी माणूस आहे!”

“असशील. ती निदान अंडं तरी घालते.”

या मसलतीपुढे खाशांचे काही चालले नाही. पांढरी परसात मोकळी जाहली. दाणे या टोकास टाकावे आणि पाणी त्या टोकास ठेवावे, आणि मध्ये शेवग्याचा दांडा आडवा बांधावा, मग तो थोडा थोडा चढवीत न्यावा, ऐसा हुकूम. आणि कवाइतीस खाशांनी जातीने हजर राहावे. मग रोज सकाळी पुढे लंगडी पांढरी आणि मागे लंगडे गौंडर, ऐसी फौज परसात फिरे, आणि कुंपणापलीकडे शेजारी चहा घेऊन जमत. पांढरी दांड्यावरून पडे. “ऊठ गं पोरी,” गौंडर म्हणत, “मीपण पडलोय.”

त्याच दिवसांत शेडातल्या म्हाताऱ्या बेगमांची खाटकाकडे रवानगी जाहली. गडी पाय धरून ओढीत, आणि हाडे कटकट मोडत. हा आवाज शेडात वर्षानुवर्षे होता. त्या दिवशी गौंडरांनी तो प्रथम ऐकला, आणि त्यांचा हात आपल्या मांडीवर गेला. आम्हांसही वाईट वाटले, खोटे का लिहावे. पण आम्ही खाद्य कालवीत राहिलो.

जत्रा आली. ढोल वाजले. तंगमुत्तू डोक्यास तेल लावून पागोट्याच्या तबकापाशी उभे. पांढरीवर पाणी पडले. ती दोन पायांवर ताठ उभी राहिली आणि तुऱ्यापासून शेपटापर्यंत ऐसी झडझडली की पहिल्या रांगेचे स्नान जाहले. मंजूर! पुजाऱ्याने सुरी उचलली, तो पांढरी उडाली, देवाच्या मातीच्या घोड्यावर टेकली, आणि तेथून थेट सामीच्या मूर्तीने उगारलेल्या कोयत्यावर जाऊन बसली. दांडा तिच्या ओळखीचा होता.

देवाच्या शस्त्रास कोण हात लावणार? पुजाऱ्याने सुरी खाली ठेविली. “सामीनं घेतली. जिवंत घेतली.”

“असं कुठं असतंय का, मच्छान!” तंगमुत्तू ओरडले.

मातोश्रींनी वर बोट केले. “जावईबापू, उशी उडाली बघा.”

येणेप्रमाणे फत्ते जाहली. पागोटे गौंडरांच्या मस्तकी चढले, आणि त्यांनी एका शेडाचे पिंजरे मोडून भुसा पसरला आणि दांडे बसविले. बाकीच्या शेडांवर मातोश्रींची नजर अद्याप पडली नसल्याकारणे तेथे आराम पूर्ववत चालू आहे. पांढरी त्या दिवशी दिवेलागणीपर्यंत कोयत्यावर होती. मग भूक लागली तशी खाली उतरली, आणि कोणी न उचलता आपल्या पायांनी घरी आली.