पगारावरचा चोर

आमच्या न्हावऱ्याच्या दूध डेअरीच्या ऑफिसात दर सोमवारी चोरी होते, आणि चोर पगारावर आहे. डॅनियलमामा त्यांचं नाव. कॉम्प्युटरची सगळी देखभाल त्यांच्याकडे. पण त्यांचा जीव रमतो तो आमच्याच कॉम्प्युटरांत चोरासारखं शिरण्यात.

एक्सेल उघडलं की काही फायली आपोआप उघडाव्यात, अशी त्यात एक सोय असते. खरे चोर नेमक्या त्याच जागी आपली फाईल ठेवून जातात. कॉम्प्युटर बंद करा, चालू करा, ती पुन्हा हजर. मामा तिथं एक बिनविषारी फाईल ठेवतात. बंदोबस्त पक्का असेल तर त्यांच्या पडद्यावर लाल इशारा येतो. नसेल तर सकाळी आपल्या पडद्यावर अक्षरं उमटतात, 'राम राम. मी आत हाय.' एकदा ती चेअरमन आप्पांच्या पडद्यावर उमटली. आप्पांनी निवडणुकीच्या सवयीनं हात जोडले आणि शिपायाला चहा सांगितला.

"चोर दार फोडत न्हाई ताई, आपल्या आधी येऊन खुर्चीत बसतो," हे मामांचं पालुपद. सवलत कुणालाच नाही. माझी दूधदराची आपोआप उघडणारी साधी फाईलसुद्धा त्यांनी काढून टाकली. वर म्हणाले, "वळखीच्यालाबी आत न्हाई." मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

मागच्या सोमवारी त्यांनी नवा बंदोबस्त बसवला आणि चाचणी घेतली. ठेवलेली प्रत्येक फाईल पकडली गेली. मामांनी खुशीत सगळ्यांना भेळ मागवली. तेवढ्यात आणखी एक लाल इशारा आला. स्वतःचा कॉम्प्युटर ते आजवर चाचणीतून वगळायचे, या खेपेला नेमके विसरले होते.

मी वाकून पाहिलं. फाईलमध्ये एकच ओळ होती, 'पप्पा, चष्मा लावा.' त्यांच्या लेकीनं, रूथनं, कॉलेजच्या सुट्टीत ऑफिसात येऊन गमतीनं ठेवलेली. पुढं रूथनं दौंडच्या एका मुलाशी आपल्या मनानं लग्न केलं आणि बापलेकीचं बोलणं तुटलं. म्हणजे हा माणूस रोज सकाळी एक्सेल उघडून लेकीचं एवढंच बोलणं ऐकत होता.

आप्पा म्हणाले, राहू द्या, घरचीच आहे. मामांनी ऐकलं नाही. स्वतःच्या हातानं फाईल काढली आणि रिकाम्या पडद्याकडे बघत बसले. समोरची भेळ मऊ पडली.

मला त्यांचा रागच आला. म्हटलं, "मामा, फाईल काढलीत ना? आता फोन करा."

"ती उचलंल का?"

"नाही उचलला तर मी करते."

मामा आवारातल्या दुधाच्या टँकरमागं जाऊन उभे राहिले. बराच वेळ तिथंच होते. परत आले तेव्हा डोळे ओले होते आणि चेहरा हसरा. रविवारी दोघंही जेवायला येणार म्हणाले. मग एकदम कपाळाला हात लावला.

"जावयाला तिखट चालतं का, ह्ये इचारायचंच राहिलं."

आणि पुन्हा टँकरमागं पळाले.