विहीणबाईंची ओटी

"तुमी फक्त या. कोल्हापुरात मी असताना तुमाला रांगेत उभं ऱ्हावं लागायचं न्हाय," असं आक्कांनी नाशिकला फोनवर सांगून टाकलं, आणि हेमलताबाई खरोखरच आल्या.

हेमलताबाई म्हणजे मोनाची आई. मोना आणि आक्कांचं शेंडेफळ यशराज यांचं लग्न जवळजवळ ठरलं होतं. त्या 'जवळजवळ'मुळे आक्कांच्या डोळ्याला आठवडाभर डोळा लागला नव्हता. मुलीची आई घर बघणार, माणसं बघणार, मग होय की नाही ते सांगणार. त्याआधी अंबाबाईची ओटी भरायची, असा हेमलताबाईंचा नवस होता. ओटी भरल्याशिवाय तोंडात पाणीही घालायचं नाही, असंही त्यांनी ठरवलेलं. नवस बोलताना माणसाला भूक लागलेली नसते.

आक्कांचं माहेर देवळाजवळच्या मंगळवार पेठेतलं. त्यांच्या आठवणीत त्यांची आई तव्यावर भाकरी टाकून देवीला जाऊन यायची आणि भाकरी करपायची नाही. हे आक्का चाळीस वर्षं सांगत होत्या, आणि सांगून सांगून त्यांना आता ते दिसायलाही लागलं होतं. लग्नानंतर त्या कसबा बावड्याला गेल्या. मग दर्शन वर्षातून दोनदा, तेही लांबून मुखदर्शन. रांग ही बाहेरगावच्या माणसांची हौस.

शनिवारी सकाळी रिक्षा महाद्वारापासून बरीच अलीकडे थांबली.

"आत घ्या की," आक्का म्हणाल्या. "आमचा टांगा दारापर्यंत जायचा."

"मग टांगा बघा, मावशी," रिक्षावाला म्हणाला. "मला दंड भरायचा न्हाय."

चिमणाबाईच्या फुलांच्या दुकानात चपला सोडल्या. नाशिकहून आणलेली जरीची हिरवी साडी, नारळ, खण, तांदूळ, सगळं एका परडीत रचलं. हेमलताबाई परडी उचलायला वाकल्या, तर आक्कांनी ती हिसकावून घेतली. पाहुणीनं ओझं उचलायचं आणि आपण मोकळे हात हलवत चालायचं, असलं त्यांच्या सात पिढ्यांत झालं नव्हतं.

दारावरच्या रखवालदाराला आक्कांनी ओळखीचं हसू दिलं. त्यानं आधार कार्ड मागितलं.

"सहासष्ट. तुमी ज्येष्ठांच्या रांगेत. आन तुमी?"

"सत्तावन्न," हेमलताबाई म्हणाल्या.

"तुमी तिकडं. मोठ्या रांगेत."

"अवो, आमी एकत्र हाय," आक्का म्हणाल्या. "पावणी हाय माझी."

"कोल्हापुरात सगळेच पावणं, आक्का. चला फुडं, मागं लोकं खोळंबल्यात."

मागच्या लोकांनी आक्कांना अलगद आत ढकललं आणि दहाव्या मिनिटाला त्या थेट देवीसमोर होत्या. तीस वर्षांत इतक्या जवळून दर्शन झालं नव्हतं. पण देवीकडे बघायला सवड कुणाला? पुजाऱ्यानं हात पुढं केला. "ओटी?"

आक्कांनी परडी छातीशी धरली. "माझी न्हवं. दुसरीचा नवस हाय."

"मग आणली कशाला?"

आक्का परडीसह बाहेर आल्या. मोबाईल घरी चार्जिंगला लावलेला. विहीणबाई तिकडं ओटीशिवाय, उपाशी, रांगेत. आता ही बाई देवीपुढं रिकाम्या हातांनी उभी राहणार आणि उद्या नाशिकला जाऊन सांगणार, की मुलाच्या आईनं माझी ओटी पळवली. आक्का मोठ्या रांगेच्या शेपटाला जाऊन उभ्या राहिल्या आणि पुढं सरकू लागल्या.

"कुटं निघालाय?" राधानगरीहून आलेल्या आकारामनं हात आडवा घातला.

"माझी विहीण फुडं हाय. तिला ही परडी द्यायची हाय."

"माझी बी सासू फुडं हाय. मी तरी जातोय का तिच्याजवळ?"

अख्खी रांग हसली आणि आक्कांना कुणी जागा दिली नाही. दोन तास चाळीस मिनिटं त्या उभ्या राहिल्या. गुडघे बोलू लागले. आकारामनं मधे त्यांना शेंगदाण्याची चिक्की दिली, ती त्यांनी अपमान म्हणून घेतली आणि भूक म्हणून खाल्ली. मान उंच करकरून बघितलं तरी हेमलताबाई कुठंच दिसेनात.

शेवटी पुन्हा तोच पुजारी.

"मावशी, परत? आता तरी द्या." परडी त्यानंच ओढून घेतली. "कुणाच्या नावानं?"

आक्कांच्या डोक्यात नुसती घंटा वाजत होती. "मोना यशराज," त्यांच्या तोंडून निघून गेलं.

ओटी देवीच्या पायाशी गेली. दुसऱ्याचा नवस आपल्या हातानं फेडून आक्का दुकानाकडे निघाल्या, त्या मोडलेलं लग्न डोक्यावर घेऊनच.

दुकानात स्टुलावर हेमलताबाई बसल्या होत्या. रांगेतल्या उचगावच्या एका बाईनं त्यांना मुखदर्शनाची वाट दाखवली होती. दहा मिनिटांत दर्शन उरकून त्या तेव्हापासून ओटीची वाट बघत होत्या.

"परडी कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

"रांगेत उभं ऱ्हाऊन... भरून आले," आक्का पुटपुटल्या. "मोना यशराज, असं नाव सांगितलं."

हेमलताबाई उठल्या. त्यांचे डोळे भरले. "माझ्यासाठी तीन तास उभ्या राहिलात? आणि नाव दोघांचं एकत्र सांगितलंत? म्हणजे तुमचा होकार आहे तर. मी तीन दिवस झोपले नाही हो. मुलाकडची माणसं काय म्हणतील, काय म्हणतील."

आक्कांनी एक क्षण विचार केला. खरं सांगायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात शहाणपण आलं.

"आपल्या माणसांसाठी एवढं करायलाच पायजे की," त्या म्हणाल्या.

"पर आक्का, तुमीबी मुखदर्शनच घ्यायचं न्हवं?" चिमणाबाई हार ओवता ओवता म्हणाली. आक्कांनी तिच्याकडे असं बघितलं, की तिचा दोरा सुईतून निसटला.

हेमलताबाई पाणी प्यायल्या, त्यांनी तोंड पुसलं. "उद्या जोतिबाला जाऊ. तिथलाही एक नवस आहे. माझ्या गुडघ्यांना रांग झेपत नाही, पण आता तुम्ही आहात."

उद्या रविवार होता. जोतिबाचा वार.